मुक्या जिवाचे चित्र

शाळेत चित्रकलेचा शिक्षक म्हणून ३१ वर्षे काढलेल्या माणसाकडे निवृत्तीनंतर गावाची काही ठरावीक कामे चालत येतात. सणाच्या आधी फलक रंगवून द्यायचा, नाताळच्या गोठ्यामागे बेथलेहेमचे रात्रीचे आकाश उभे करायचे, एलिमेंटरीच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलांचा हात थोडा वळवून द्यायचा. ही कामे मी आनंदाने करतो. परंतु दोन वर्षांपूर्वी, पावसाळा सरता सरता, एक काम असे आले की ते करावे की करू नये, या विचारात माझे चार दिवस गेले. आमच्या आळीतील एका वृद्ध बागायतदाराला आपल्या कुत्र्याचे चित्र काढून हवे होते.

पत्नी निवर्तल्यापासून काका एकटेच राहत. एक मुलगा आखातात, दुसरा कॅनडात. चार खोल्यांचे घर, पुढे ओटा, मागे विहीर आणि केळीची वाडी, एवढ्या सगळ्यात वावरणारे जीव दोनच: काका आणि मोती. मोती म्हणजे पिवळसर तांबूस रंगाचा, पांढऱ्या छातीचा गावठी कुत्रा. त्याचा डावा कान अर्धा फाटलेला. काका एका संध्याकाळी मोबाइलमधला फोटो पुढे करून संकोचाने म्हणाले, "मास्तर, आमच्या मोतीचे चित्र काढाल का? नातीला पाठवायचे आहे. मजेशीर काढा. ती म्हणते, बघितल्याबरोबर हसू आले पाहिजे."

मी 'हो' म्हणालो. पण ते केवळ भिडेखातर. मनात आले, या घराच्या भिंतीवर काकांच्या पत्नीचे धड एक छायाचित्र नाही, आणि कुत्र्याचे मात्र चित्र हवे! माणसांची इतकी दुःखे सभोवार असताना, एका कुत्र्याच्या गमतीदार चित्रावर चांगला कागद, चांगला रंग आणि आयुष्यातील आठ दिवस खर्च करणे हे उचित आहे काय? हा प्रश्न मला तेव्हा मोठा सात्त्विक वाटला होता. पुढे तो तितकासा सात्त्विक नव्हता असे ध्यानात आले. त्याचीच ही हकीकत आहे.

त्या रात्री मी कॅथलिक ख्रिस्तसभेचा १९९२ सालचा धर्मशिक्षणग्रंथ उघडून बसलो. दहा आज्ञांपैकी सातव्या आज्ञेच्या, म्हणजे 'चोरी करू नकोस' या आज्ञेच्या विवरणात प्राण्यांविषयी चार छोटे परिच्छेद आहेत. प्राणी ही देवाची निर्मिती आहे, त्यांच्या नुसत्या असण्याने देवाचा गौरव होतो आणि माणूस त्यांना दयाबुद्धीचे देणे लागतो, असे तिथे सांगितले आहे. त्या संदर्भात असिसीचे संत फ्रान्सिस आणि रोमचे संत फिलिप नेरी यांची आठवण दिली आहे. पण लगेच पुढे एक मर्यादाही घातली आहे. माणसाच्या दैन्यनिवारणासाठी जो पैसा आधी खर्च व्हायला हवा तो प्राण्यांवर उधळू नये, आणि जे प्रेम केवळ माणसांनाच देय आहे ते प्राण्यांकडे वळवू नये. प्राण्यांवर प्रेम करण्यास मात्र मनाई नाही.

हा शेवटचा भाग वाचून माझे समाधान झाले. काकांचे बरोबर हेच चुकत होते, असा निवाडा मी मनातल्या मनात देऊन टाकला. माणसांचे प्रेम त्यांनी मोतीकडे वळवले होते. तरी शब्द दिला होता, म्हणून चित्र करायचे ठरवले आणि त्यासाठी ग्वाश हे माध्यम निवडले.

ग्वाश हा फ्रेंच शब्द काही वाचकांना अपरिचित वाटेल. वस्तू मात्र ओळखीची आहे. शाळेत ज्यांनी पोस्टर कलरच्या बाटल्या हाताळल्या, त्यांनी याच कुळातील साधा रंग वापरला आहे. नेहमीच्या जलरंगाप्रमाणे यातही रंगाची पूड अरबी डिंकात कालवलेली असते. पण पुडीचे प्रमाण अधिक असते आणि पुष्कळदा खडूसारखी पांढरी भुकटीही मिसळलेली असते. त्यामुळे खालचा कागद वा खालचा रंग वरून दिसत नाही. जलरंगात पांढरा म्हणून कागदच राखून ठेवावा लागतो. इथे काळ्यावर पांढरा चढवता येतो. आपल्या मोगल आणि राजपूत लघुचित्रकारांचे माध्यम हेच, अपारदर्शक जलरंग. जहांगीरच्या दरबारातील उस्ताद मन्सूर याने पशुपक्ष्यांची जी चित्रे रंगवली, ती याच तऱ्हेच्या रंगांत.

केसाळ प्राण्यासाठी हे माध्यम फार सोयीचे आहे. आधी सर्वांगावर मध्यम छटा द्यावी. मग सावलीचे गडद रंग. मग उजेडाचे फिके रंग, केस ज्या दिशेने वळतात त्याच दिशेने ब्रश ओढून. आणि सर्वांत शेवटी, शून्य नंबरच्या ब्रशाने, मिशांचे केस व डोळ्यांतील चकाकीचा ठिपका. एवढे सांभाळावे लागते की ओला रंग आणि सुकलेला रंग सारखे दिसत नाहीत. फिका रंग सुकल्यावर किंचित गडद होतो, गडद रंग किंचित फिकटतो. म्हणून आधी वेगळ्या कागदाच्या पट्टीवर लावून, सुकवून पाहणारा चित्रकार शहाणा. आपले पहिले मत सुकू द्यावे आणि मगच ते खरे मानावे, हा नियम रंगांपुरताच नाही. पण त्या वेळी तो मला रंगांपुरताच ठाऊक होता.

मी फोटो समोर ठेवला आणि चार दिवसांत चित्र पुरे केले. नातीला हसू यावे म्हणून मोतीच्या नाकावर काकांचा जाड काड्यांचा चष्मा चढवला. डोक्यावर, रविवारच्या मिस्साला जाताना काका घालतात ती लाल टोपी. पुढच्या पंजात वर्तमानपत्र. फाटका कान मी परस्पर सांधून टाकला, कारण चित्रात तो खटकत होता आणि ग्वाशमध्ये असे काही झाकणे अगदी सोपे असते. चित्र घरी सर्वांना आवडले. शेजारची मुले तर पोट धरधरून हसली.

काकांनी मात्र ते हातात धरून बराच वेळ पाहिले. ते हसले नाहीत. रागावलेही नाहीत. म्हणाले, "मास्तर, हात तुमचा झकास आहे. पण हा मोती नव्हे. हा मीच आहे, कुत्र्याच्या तोंडाचा."

थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "आणि त्याचा कान कुठे गेला?"

मी म्हणालो, "काका, कान मी नीट केला."

ते म्हणाले, "नीट कशाला केला? हिची शेवटची रात्र होती. ॲम्ब्युलन्ससाठी फाटक उघडे टाकले होते. पलीकडच्या आळीतले कुत्रे आत घुसले. हा एकटा दारात उभा राहिला. त्या रात्री गेलेला कान आहे तो."

त्यांच्या घराच्या भिंतीवर पत्नीचे छायाचित्र का नव्हते, हे मला आजही ठाऊक नाही. ते विचारण्याचा मला अधिकार नाही. पण त्या घरात तिची एक खूण होती, ती मोतीच्या कानावर होती आणि ती मी रंगाच्या दोन फटकाऱ्यांनी पुसून टाकली होती.

घरी परतल्यावर मी तेच चित्र दुरुस्त करायला बसलो. टोपी झाकण्यासाठी तिच्यावर मोतीच्या अंगाचा पिवळसर रंग चढवला. ग्वाशची एक खोड आहे. सुकल्यानंतरही तो पाण्याने पुन्हा विरघळतो. वरचा रंग पातळ असला किंवा ब्रश दोनतीनदा फिरला, तर खालचा रंग जागा होऊन वर येतो. टोपीचा लाल रंग असाच वर आला. पुन्हा झाकला, पुन्हा आला. जाड थर दिला तर सुकताना त्याला तडे गेले. झाकणे म्हणजे दुरुस्त करणे नव्हे, हे कागदाने मला सांगितले. पाप झाकून ठेवणे आणि ते कबूल करून नव्याने आरंभ करणे यांतला भेद आपण लहानपणापासून धर्मशिक्षणाच्या वर्गात ऐकत आलो आहोत. मी तो कागद बाजूला ठेवला आणि कोरा घेतला.

पण कोऱ्या कागदावर काढायचे काय? नातीची मागणी रास्तच होती: चित्र खेळकर हवे. मग माझे पहिले चित्र खेळकर असूनही खोटे का ठरले? इथे मला त्या प्रश्नाचे खरे रूप दिसू लागले. मी आजवर विचारत होतो, की प्राण्याच्या चित्रावर वेळ घालवावा काय. विचारायला हवे होते ते हे, की प्राण्याच्या चित्रात आपण पाहतो कुणाला?

लंडनच्या नॅशनल गॅलरीत एक इटालियन चित्र आहे, वेरोक्कियोच्या कार्यशाळेतले, सुमारे १४७० ते १४७५ या काळातले. तरुण टोबियास देवदूत राफाएलचा हात धरून वाट चालतो आहे आणि शेजारून एक पांढरा, झुपकेदार केसांचा छोटा कुत्रा चालला आहे. बायबलमधील टोबीतच्या ग्रंथात हा कुत्रा येतो. त्याच्या हातून काही पराक्रम घडत नाही. तो फक्त बरोबर जातो आणि बरोबर परत येतो. तरीही ग्रंथकाराला त्याची नोंद करावीशी वाटली. या चित्रातला कुत्रा आधी रंगवलेल्या जमिनीवरून काढला असल्यामुळे, आज पाच शतकांनंतर त्याच्या अंगातून पलीकडची वाट दिसते. माझ्या पहिल्या चित्रातला मोती असाच होता. माझा रंग अपारदर्शक. पण मोतीच्या अंगातून पलीकडची माणसेच दिसत होती. काका दिसत होते, मी दिसत होतो, आमची टोपी आणि आमचा चष्मा दिसत होता. मोती तेवढा दिसत नव्हता.

आपल्या मराठीत 'व्यक्तिचित्र' असा सुंदर शब्द आहे. कुत्र्याचे चित्र हे व्यक्तिचित्र होऊ शकते काय? श्रद्धेच्या भाषेत कुत्रा ही व्यक्ती नव्हे. देवाच्या प्रतिरूपात निर्मिलेला केवळ माणूसच, हे मला मान्य आहे. पण जे व्यक्त होते ती व्यक्ती, असा त्या शब्दाचा मूळ अर्थ घेतला, तर मोती मोतीच्या परीने व्यक्त होतच होता. तो 'एक कुत्रा' नव्हता, 'हा कुत्रा' होता. उत्पत्तीच्या ग्रंथात देव प्राण्यांना आदामाजवळ आणतो, तो त्यांना काय नाव देतो ते पाहण्यासाठी. नाव ठेवणे हा माणसाचा अधिकार आहे, असे आपण त्या कथेवरून शिकतो. पण नाव ठेवण्याआधी पाहावे लागते, हे विसरतो. न पाहता दिलेले नाव हे नाव नसते. मराठीत त्याला 'नावे ठेवणे' म्हणतात.

म्हणून मी पाहायला गेलो. रोज संध्याकाळी रेखाटनवही घेऊन काकांच्या ओट्यावर बसू लागलो. पहिले दोन दिवस मोतीने माझ्याकडे पाठ फिरवली. तिसऱ्या दिवशी तो समोर आला, पुढचे दोन्ही पाय कोपरापर्यंत जमिनीला टेकवले, मागचा भाग उंच ठेवला, शेपूट हलवली आणि माझ्याकडे पाहून एकदाच भुंकला. कुत्रा पाळणाऱ्या प्रत्येकाने हे पाहिले असेल. प्राणिवर्तनाचे अमेरिकन अभ्यासक मार्क बेकॉफ यांनी १९९५ साली या वाकण्यावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. कुत्रे, लांडगे आणि कोयोटी हे प्राणी खेळताना नेमके केव्हा वाकतात, हे त्यांनी तपासले. खेळात जेव्हा जोराने मान झटकून चावण्यासारखी कृती येते, आणि समोरचा तिचा अर्थ वेगळा घेण्याचा संभव असतो, तेव्हा त्या कृतीच्या अगदी आधी वा लगेच नंतर हे वाकणे येते, असे त्यांना आढळले. म्हणजे ते एक आश्वासन असते: आता जे होईल किंवा आत्ता जे झाले, तो खेळ होता; मनाला लावून घेऊ नकोस.

मला या गोष्टीचे मोठे नवल वाटले. ज्याला आपण मुका म्हणतो तो जीव खेळण्याआधी समोरच्याची अनुमती मागतो. आपण माणसे थट्टा करतो तेव्हा किती वेळा असे वाकतो? वर्गात एखाद्या मुलाच्या तोतरेपणाची, एखाद्या मुलीच्या काळेपणाची मजा उडवून नंतर 'अहो, गंमत केली' म्हणणारे शिक्षक मी पाहिले आहेत. एखाददुसऱ्या वेळी मीही त्यांत होतो. ज्या गमतीत एकाच पक्षाला गंमत वाटते, तिला खेळ म्हणता येत नाही. मोतीच्या डोक्यावरची टोपी अशीच होती. त्या हसण्यात मोती सहभागी नव्हता, आणि काकाही नव्हते.

यावर कुणी म्हणेल, की मग श्रद्धावंताने गंभीरच राहावे; खेळ आणि हसणे पोरासोरांसाठी. ख्रिस्तसभेची परंपरा तसे सांगत नाही. पाचव्या शतकातील मठवासी लेखक योहान कासियन यांनी एक गोष्ट सांगितली आहे. प्रेषित संत योहान एकदा एका तित्तिर पक्ष्याला हळुवार कुरवाळत बसले होते. धनुष्य घेतलेला एक शिकारी आला आणि एवढा थोर पुरुष असल्या क्षुल्लक गोष्टीत रमलेला पाहून चकित झाला. योहानांनी त्याला विचारले, 'तुझे धनुष्य तू सदा ताणलेले का ठेवत नाहीस?' तसे ठेवले तर त्याचा जोर जाईल, असे तो म्हणाला. 'मनाचेही तसेच आहे,' असे योहानांनी त्याला समजावले. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या महाग्रंथात खेळाचा विचार करताना हीच कथा थोड्या वेगळ्या रूपात घेतली आणि ॲरिस्टॉटलच्या आधाराने असे प्रतिपादन केले, की उचित मात्रेत खेळकर असणे हा सद्गुण आहे. खेळ हा केवळ क्षम्य आहे असे नव्हे. तो चांगला असू शकतो. अट एवढीच की त्यात अशिष्टपणा वा दुसऱ्याला इजा नसावी, मनाचा तोल जाऊ नये आणि खेळ स्थळकाळाला व माणसाला शोभणारा असावा.

धर्मशिक्षणग्रंथाने ज्यांचे नाव घेतले ते संत फिलिप नेरी, १५१५ साली जन्मलेले आणि १५९५ साली निवर्तलेले, या सद्गुणाचे मोठे अधिकारी होते. एका कार्डिनलचा कुत्रा धन्याला सोडून त्यांच्याकडे येऊन राहिला होता. त्याचे नाव काप्रिच्चो, म्हणजे लहर. फिलिप आपल्या उमराव शिष्यांना या कुत्र्याला हातात घेऊन वा दोरीने धरून रोमच्या रस्त्यांतून फिरायला लावीत. लोक हसत. पण लोक हसत ते कुत्र्याला नव्हे. हसत ते कुत्रा सांभाळणाऱ्या सरदाराच्या ताठ्याला. कुत्रा आपला कुत्राच राहत असे, माणसाचा गर्व तेवढा खाली उतरत असे. माझ्या चित्रात याच्या उलट घडले होते. मी कुत्र्याला माणसाचे सोंग दिले आणि माझा शहाणपणा शाबूत ठेवला.

ओट्यावर बसता बसता काका बोलू लागले. मोतीविषयी बोलता बोलता केळीविषयी, दादरच्या बाजारात भल्या पहाटे नेलेल्या फुलांच्या टोपल्यांविषयी, पत्नीच्या हातच्या सुकेळ्यांविषयी. आमची दोन्ही घरे एकाच आळीत. मध्ये चाळीस पावले. आणि मी हिशोब केला, तेव्हा त्यांच्या पत्नीच्या अंत्यविधीनंतर मी या ओट्यावर एकदाही बसलेलो नव्हतो. रविवारी चर्चच्या आवारात 'काका, बरे ना?' एवढे विचारत असे आणि उत्तर येण्याआधी पुढे जात असे.

त्या रात्री मला शमुवेलच्या दुसऱ्या ग्रंथातील संदेष्टा नाथान आठवला. दावीद राजासमोर तो एका गरीब माणसाची गोष्ट सांगतो. त्या गरिबाजवळ एकच मेंढी होती. ती त्याच्या मुलांबरोबर वाढली, त्याच्या ताटातले खाई, त्याच्या पेल्यातले पिई, त्याच्या कुशीत झोपे. ती त्याला मुलीसारखी होती. शेजारच्या श्रीमंताने पाहुण्यासाठी तीच नेऊन कापली. या कथेत नाथान त्या गरिबाला दोष देत नाही. मेंढीला मुलीसारखे वागवणे हा अतिरेक झाला, असे पवित्र शास्त्र कुठेही म्हणत नाही. दोष त्याचा, ज्याच्याकडे भरपूर असून ज्याला दुसऱ्याच्या एकुलत्या एका आनंदाची किंमत कळली नाही. आणि ती कथा ऐकून संतापलेल्या दावीदाला नाथान सांगतो, की तो माणूस तूच आहेस.

माणसांना देय असलेले प्रेम प्राण्याकडे वळवू नये, हे वचन मी काकांच्या माथी मारले होते. वचन खरेच आहे. पण काकांनी ते प्रेम वळवले होते काय? ते घ्यायला त्या ओट्यावर माणूस येतच नव्हता. मुले दूर होती, पोटासाठी दूर होती. त्यांना मी काय बोलणार? मी तर चाळीस पावलांवर होतो. ज्याने माणसाला देय असलेले माणसाला दिले नाही, तो मीच होतो. आणि मोतीने मात्र आपल्या वाट्याचे, किंबहुना माझ्याही वाट्याचे, त्या घराला दिले होते. त्या आज्ञेचे विवरण सातव्या आज्ञेखाली, चोरीच्या आज्ञेखाली का यावे, याचा अर्थ मला त्या रात्री माझ्यापुरता उमगला.

याचा अर्थ असा नव्हे की प्राणी आणि माणूस सारखेच. आजकाल शहरांतून कुत्र्यांचे वाढदिवस थाटाने साजरे होतात आणि त्याच इमारतीतल्या मोलकरणीच्या मुलाचे नाव कुणाला ठाऊक नसते, हेही मी पाहतो. धर्मशिक्षणग्रंथाची मर्यादा अशा ठिकाणी आवश्यकच आहे. पण ती मर्यादा स्वतःला लावून पाहण्यासाठी आहे. दुसऱ्याच्या एकाकीपणाला मापण्यासाठी नव्हे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या 'लाउदातो सी' या विश्वपत्रात असे म्हटले होते, की इतर जीवांचे मोल केवळ ते आपल्या उपयोगी पडतात म्हणून नाही. देवाच्या दृष्टीने त्यांना स्वतःचे मोल आहे. मला वाटते, जो दुसऱ्या जिवाला त्याच्या स्वतःच्या मोलाने पाहायला शिकतो, त्याची दृष्टी कुत्र्यापाशी थांबत नाही. माझी थांबली नाही, ही देवाची कृपा. माझे त्यात काही श्रेय नाही. मी तर केवळ कानाची रेघ पाहायला गेलो होतो.

अकराव्या संध्याकाळनंतर मी दुसरे चित्र केले. त्यात टोपी नाही, चष्मा नाही. मोती वाकला आहे, कोपरे जमिनीला टेकली आहेत, शेपटीचे टोक कागदाच्या कडेला लागले आहे, आणि फाटका कान फाटकाच आहे. पाहणाऱ्याला हसू येतेच. कारण मोती खेळायला बोलावतो आहे आणि त्या बोलावण्याला नाही म्हणणे कठीण आहे.

डोळ्यातला ठिपका शेवटी राहिला होता. शाळेत ३१ वर्षे मी मुलांना सांगत आलो की डोळ्यात पांढऱ्याचा एक ठिपका द्या, प्राणी जिवंत होतो. तेही खरेच. परंतु व्हिएन्नाच्या अल्बर्टिना संग्रहालयात आल्ब्रेख्ट ड्यूररचा १५०२ सालचा ससा आहे, जलरंगात आणि अपारदर्शक रंगांत केलेला, सुमारे २५ सेंटीमीटर उंचीच्या कागदावर. त्या सशाच्या डोळ्यात नुसता ठिपका नाही. तिथे खिडकी आहे, तावदानांच्या पट्ट्यांसकट. ससा ज्या खोलीत बसला असेल ती खोली त्याच्या डोळ्यात आली आहे. ती छापील प्रत मी आयुष्यभर पाहत आलो होतो, पण मोतीच्या डोळ्यात काय आहे हे जाऊन पाहावे, असे मला कधी सुचले नव्हते.

मी पुन्हा एकदा ओट्यावर गेलो आणि मोतीसमोर खाली बसलो. त्याच्या डोळ्यात फाटकाकडून येणाऱ्या उजेडाचा चौकोन होता आणि त्या उजेडात दोन लहान काळ्या आकृती होत्या. एक खुर्चीत बसलेली, दुसरी तिच्या पायाशी, वही घेतलेली. चित्रात मी तो चौकोन काढला आणि शून्य नंबरच्या ब्रशाने त्या दोन आकृतीही काढल्या. त्या इतक्या बारीक आहेत की सांगितल्याशिवाय कुणाला दिसत नाहीत.

काकांनी चष्मा पुसून चित्र पाहिले. बराच वेळाने म्हणाले, "हा मोती आहे." मग थोडे थांबून म्हणाले, "आता तुमचे चित्र संपले, मास्तर. उद्यापासून तुमचे येणे होणार नाही."

त्यांनी हे तक्रार म्हणून म्हटले नव्हते. पावसाळा संपला म्हणावे तसे म्हटले होते. मी त्यांना काही उत्तर दिले नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वही घरी ठेवून गेलो. मोती फाटकापाशी आला, माझ्या रिकाम्या हातांकडे त्याने पाहिले आणि पुढचे पाय टेकवून वाकला.